झिऑन ई५-२६८० व्ही४ आणि कोर आय५-१२४००: मोल्ड डिझाइनच्या टेबलावर दोन्ही वापरल्यावर

परवा नाशिकमधल्या सातपूरच्या एका टूल रूमच्या, म्हणजे साचे (मोल्ड) बनवणाऱ्या कारखान्याच्या, शेठांचा फोन आला. "मॅडम, एक मशीन मिळतंय. कुठल्यातरी कंपनीच्या सर्व्हर रूममधून निघालंय. दोन झिऑन प्रोसेसर, २८ कोर, ६४ जीबी रॅम. पन्नास हजारात देतो म्हणतोय. नवा आय५ घ्यायचा तर जवळपास तेवढेच पडतात आणि कोर फक्त ६. घेऊन टाकू का?"

मी विचारलं, "शेठ, टोकन दिलंय का?"

"नाही अजून."

"मग आजचा दिवस थांबा."

फोनवर वीस मिनिटं बोललो, तरी निम्मं राहिलंच. नेमकं हेच मशीन मी विकत घेतलं होतं, त्यावर दीड वर्ष काम केलं, आणि मग सहा कोरवाला आय५ घेतला. अंबड-सातपूरला माझ्यासारखे घरून डिझाइन करणारे बरेच आहेत आणि प्रत्येकाला कधी ना कधी असं जुनं सर्व्हर मशीन दाखवलं जातं. त्यांच्यासाठी सगळं नीट लिहून काढते आहे.

माझं काम आधी सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. मी इंजेक्शन मोल्डची, म्हणजे वितळलेलं प्लास्टिक दाबून भरायच्या साच्यांची, डिझाइनर. अंबडच्या एका टूल रूममध्ये बरीच वर्षं नोकरी केली, २०२२ पासून पाथर्डी फाट्याला घरीच मागच्या खोलीत टेबल मांडलंय. सॉलिडवर्क्स या थ्रीडी डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर काम. पार्टीकडून, म्हणजे गिऱ्हाइकाकडून, पार्टचं मॉडेल येतं, मी ड्राफ्ट (पार्ट साच्यातून सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) तपासते, पार्टिंग लाइन (साचा जिथे उघडतो ती रेघ) काढते, कोअर-कॅव्हिटी फोडते, स्लाइडर (साच्याचे बाजूला सरकणारे भाग), इजेक्टर पिन (पार्ट बाहेर ढकलणाऱ्या), कूलिंगची भोकं बसवते. पार्ट बहुतेक स्विचगिअरचे: हाउसिंग, झाकणं, टर्मिनल ब्लॉक. छोटे दिसतात, पण एकेका हाउसिंगमध्ये दोन-दोनशे फीचर असतात. रिब (आधाराची पातळ भिंत), बॉस (स्क्रूचा खांब), स्नॅप आणि प्रत्येक कडेला फिलेट, म्हणजे गोलाई.

एक खुलासा. आमच्या धंद्यात कोअर म्हणजे मोल्डचा आतला भाग. प्रोसेसरचे कोर, म्हणजे त्याच्या आतले स्वतंत्रपणे गणित करणारे भाग, ही वेगळी गोष्ट, म्हणून खाली प्रोसेसरसाठी कोर आणि मोल्डसाठी कोअर असंच लिहिलंय.

एप्रिल २०२३ मध्ये मी ते सर्व्हर-जातीचं वर्कस्टेशन घेतलं. ५८,००० रुपये. आत दोन झिऑन ई५-२६८० व्ही४, १६ जीबीच्या ४ रॅम आणि क्वाड्रो पी२००० ग्राफिक्स कार्ड. हा प्रोसेसर इंटेलने मार्च २०१६ मध्ये आणला. एकेका नगात १४ कोर, २८ थ्रेड (एक कोर एका वेळी दोन कामं धरतो, त्यातलं एकेक म्हणजे थ्रेड), ३५ एमबी कॅश, म्हणजे प्रोसेसरच्या आतलीच वेगवान मेमरी. त्या वेळी त्याची जाहीर किंमत नगाला १,७४५ डॉलर होती, म्हणजे माझ्या टेबलाखाली एके काळचे साडेतीन हजार डॉलरचे प्रोसेसर होते. विकणाऱ्याने टास्क मॅनेजर उघडून दाखवला. स्क्रीनभर ५६ छोटे चौकोन, थ्रेडला एक. तो म्हणाला, "मॅडम, हे बघा. कितीही जड फाइल टाका." मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं. सहा माणसांची टीम बरी की अठ्ठावीस माणसांची, असं कुणी विचारलं तर आपण दुसरं काय म्हणणार?

त्याने सांगितलेला एकही आकडा खोटा नव्हता. माझी तक्रार एवढीच आहे की, "तुम्ही काम कशावर करता?" हा प्रश्न त्याने विचारला नाही, आणि महिन्याने मी परत गेले तेव्हा "सेकंड हँड माल परत नाही" म्हणून विषय संपवला.

पहिल्याच दिवशी मी माझं सगळ्यात जड हाउसिंग उघडलं. पार्टीने भिंतीची जाडी २.५ मिलिमीटरवरून २.२ करायला सांगितली होती. आकडा बदलला, एंटर दाबलं. निळं चक्र फिरायला लागलं. मी हात मांडीवर ठेवून बसले. घड्याळ पाहिलं तर १ मिनिट ५० सेकंद. माझा जुना कॉम्प्युटरही साधारण तेवढाच वेळ घ्यायचा. काहीतरी बिघडलंय असं वाटून टास्क मॅनेजर उघडला आणि परत जाडी बदलली. चक्र फिरत होतं आणि प्रोसेसरचा वापर दाखवत होता २ टक्के.

दोन टक्के! मी तो आकडा किती वेळ बघत बसले होते. मशीन काम करतंय, मला थांबवून ठेवतंय, आणि ९८ टक्के रिकामं आहे. मग ५६ चौकोन उघडून एकेक पाहिला. एका चौकोनातली रेघ वरच्या कडेला टेकली होती. थोड्या वेळाने ती खाली आली आणि शेजारचा एक चौकोन वर गेला. बाकीचे सगळे तळाला झोपलेले. १०० ला ५६ ने भागा, १.८ येतात. ते २ टक्के म्हणजे एक थ्रेड. माझं अख्खं हाउसिंग एकच कोर ओढत होता.

असं का, हे मला नंतर उमगलं, आणि उमगल्यावर वाटलं की हे आपल्याला आधीच माहीत होतं. फीचर ट्री, म्हणजे मॉडेल ज्या पायऱ्यांनी बनलं त्यांची यादी, ही वरून खाली उतरणारी साखळी. आधी स्केच, मग त्याची बॉडी, मग शेल, मग आतला बॉस, मग बॉसला रिब, मग रिबच्या बुडाला फिलेट. बॉस उभाच राहिला नाही तर फिलेट कशाला लावणार? भिंतीची जाडी वरच्या टोकाला बदलली की खालची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीची वाट बघते. दुसऱ्या कोरने मदत करायची म्हटली तरी त्याच्या हातात अजून काही आलेलंच नसतं. व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, एक जॉब लागलाय, स्पिंडल एकच आहे, अशा वेळी मशीनभोवती २८ ऑपरेटर उभे केले म्हणून सायकल टाइम कमी होत नाही. स्पिंडल फास्ट पाहिजे, टूल चांगलं पाहिजे.

म्हणजे माझ्या कामाला किती कोर आहेत यापेक्षा एक कोर किती वेगाने पळतो हे महत्त्वाचं. झिऑनचा मूळ वेग २.४ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला २.४ अब्ज ठोके, एखादाच कोर पळत असेल तर जास्तीत जास्त ३.३. आय५-१२४०० चा कोर ४.४ पर्यंत जातो. आणि फरक नुसता या आकड्यांचा नाही. २०१६ आणि २०२२ च्या मध्ये कोरची घडणच बदलली आहे. एका ठोक्यात नवा कोर जास्त काम उरकतो. मशीनच्या टूलला लावायच्या जुन्या आणि नव्या इन्सर्टसारखं, म्हणजे कापणाऱ्या पात्यासारखं, समजा: आरपीएम तेवढाच ठेवला तरी नव्या इन्सर्टला कट जास्त देता येतो.

एवढं कळूनही मी ते मशीन दीड वर्ष वापरलं, कारण ५८,००० गुंतवलेले होते आणि काही कामं ते खरोखर छान करायचं. पार्टीला दाखवायला मोल्डचं रेंडर, म्हणजे खऱ्या फोटोसारखं चित्र, काढायचं असेल तर ५६ च्या ५६ चौकोन भरून यायचे, आणि स्क्रीनवर चित्राचे तुकडे भराभर उमटायचे. तेच रेंडर झिऑनवर ११ मिनिटांत व्हायचं, आजच्या आय५ वर २० लागतात. हा प्रोसेसर भक्कम आहे. रॅम ईसीसी जातीची, म्हणजे एखादा बिट आपोआप पलटला तर ती चूक जागच्या जागी दुरुस्त करून पुढे जाणारी. वर्षभर न थांबता चालणाऱ्या सर्व्हरला ते हवंच. दीड वर्षात ते मशीन एकदाही आपणहून अडकलं नाही. प्रोसेसरने त्याचं काम चोख केलं. माझं काम त्याच्या जातीचं नव्हतं.

आता विजेचं. मी प्लगमध्ये लावायचा छोटा वॉटमीटर आणला होता. मशीन नुसतं चालू, काही करत नाही, तेव्हा १३५ वॉट. मॉडेलिंग करताना १७० च्या आसपास. रेंडर लावलं की ३९०. दिवसाला दहा तास धरले तर १.७ युनिट. आय५ वर तेच कार्ड लावून मॉडेलिंगला ७० वॉट, म्हणजे ०.७ युनिट. दिवसाला एका युनिटचा फरक, महिन्याला २६. घरगुती बिलात १०० युनिट ओलांडले की पुढच्या टप्प्याचा दर लागतो, ३०० च्या पुढे आणखी वरचा, त्यामुळे हे २६ युनिट नेमके महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. टूल रूमच्या बिलात व्हीएमसी आणि ईडीएमपुढे (ठिणगीने धातू कोरणारं मशीन) हे दिसणारही नाही. घरून काम करणाऱ्याला दिसतं.

आणि गरमी. जेवढे वॉट आत जातात तेवढी उष्णता खोलीत पडते. मे महिन्यात आमच्याकडे दुपारी चाळिशी गाठलेली असते, मागची खोली पश्चिमेची. एकदा सासूबाई पाण्याचा तांब्या ठेवायला आल्या आणि दारातच थांबल्या. "अगं, या खोलीत भट्टी लावलीयस का?" त्यांनी स्वतःच्या खोलीतला टेबल फॅन आणून माझ्या पायाशी लावला. त्या फॅनचेही वॉट धरायला हवेत.

त्याच मे महिन्यात जो फटका बसला तो अजून आठवतो. संध्याकाळी ट्रायलच्या आधीचं रेंडर लावलं होतं, बाजूला असेंब्लीत इजेक्टर प्लेटचे बदल चालू होते. लाइट गेली. माझ्याकडे ६०० व्हीएचा यूपीएस. तो जेमतेम ३६० वॉटचा भार घेतो, आणि माझं मशीन त्या क्षणी ३९० ओढत होतं, वर मॉनिटर. यूपीएस एकदा लांब ओरडला आणि बंद. चाळीस मिनिटांचं काम गेलं. चूक माझीच, सेव्ह केलं नव्हतं. पण दोन प्रोसेसरचं मशीन घ्यायचं तर यूपीएसही मोठा घ्यावा लागतो, हा खर्च कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही.

शेवटी निर्णय झाला तो विंडोजमुळे. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर झालेलं होतं. विंडोज ११ च्या मान्य प्रोसेसरच्या यादीत इंटेलचे साधारण आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर आहेत, ई५ व्ही४ मालिका त्यात नाही. आडमार्गाने विंडोज ११ टाकून देणारे लोक आहेत, शेठांना मशीन विकणाराही तसंच टाकून देतो म्हणालाय. माझ्याकडे पार्टीची ड्रॉइंग असतात, गोपनीयतेच्या करारावर सह्या केलेल्या असतात. ज्याचे सुरक्षेचे अपडेट उद्या येतील की नाही याची हमी नाही, अशा मशीनवर मी त्या फाइल ठेवणार नाही. शेठांना हा मुद्दा मी सगळ्यात आधी सांगितला.

नोव्हेंबर २०२४ मध्ये दिवाळी आटोपल्यावर एम. जी. रोडला गेले. तिथल्या एका दुकानात काउंटरवरच्या मुलाने पहिलाच प्रश्न विचारला, "ताई, सॉफ्टवेअर कोणतं वापरता?" दीड वर्षापूर्वी हा प्रश्न मला कुणी विचारला असता तर! मी सॉलिडवर्क्स म्हटल्यावर त्याने विचारलं, मॉडेलिंग जास्त की रेंडर जास्त? मग म्हणाला, आय५-१२४०० घ्या, त्याच्या वर पैसे घालायचे तर रॅममध्ये घाला.

त्या दिवशीचे भाव: प्रोसेसर १३,४००, डीडीआर४ घेणारा बी६६० बोर्ड ९,८००, १६ जीबीच्या २ रॅम ५,६००, १ टीबीचा एनव्हीएमई एसएसडी ५,४००, कॅबिनेट आणि ५५० वॉटचा पॉवर सप्लाय मिळून ६,०००. एकूण ४०,२००. पी२००० कार्ड झिऑनमधून काढून इकडे लावलं. ते ७५ वॉटचं आहे, बोर्डातूनच वीज घेतं, वेगळी वायर लागत नाही. रॅमचे भाव त्यानंतर बरेच चढलेत, तेव्हा आज कोटेशन घ्याल तर तो आकडा ताजा करून घ्या.

प्रोसेसरबद्दल थोडं. १२४०० मध्ये ६ कोर, १२ थ्रेड, १८ एमबी कॅश. मूळ रेटिंग ६५ वॉटचं, जोर लावला की ११७ पर्यंत जातो. इंटेलने हा जानेवारी २०२२ मध्ये आणला, तेव्हा जाहीर किंमत १९२ डॉलर. खोक्यातच कूलर येतो, तळाला पेस्ट लावलेली असते. रेंडरच्या वेळी फॅनचा आवाज ऐकू येतो, एरवी नाही. मी एफ नसलेला घेतला. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स नसलेला, तो थोडा स्वस्त पडतो. पण माझं कार्ड उद्या गेलं तर बोर्डाच्या एचडीएमआयला मॉनिटर जोडून निदान फाइल पार्टीला पाठवता आली पाहिजे. झिऑनला ती सोयच नाही, त्याच्या आत ग्राफिक्स नसतंच. कार्ड गेलं की काळी स्क्रीन. माझा भाचा लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, त्याला तर मी एफ अजिबात घेऊ नको म्हणून सांगितलं. नव्या कॅमेऱ्यांची १०-बिट ४:२:२ ची, म्हणजे रंगांचा जास्त तपशील टिपणारी, एच.२६५ फाइल असते, ती उलगडणारं सर्किट इंटेलच्या त्या आतल्या ग्राफिक्समध्ये आहे, एफ घेतला की तेही नाही.

रायझन ५ ५६००जी सुद्धा मी पाहिला. तोही ६ कोरचा, आणि त्याचं आतलं ग्राफिक्स १२४०० पेक्षा सरस. वेगळं कार्ड नसतं तर मी तोच उचलला असता. कार्ड होतं, म्हणून कोरच्या वेगाकडे पाहिलं.

एका ठिकाणी मी चुकले, ते सांगायलाच हवं. रॅमचे ५,६०० वाचवायचे म्हणून झिऑनच्या चारातल्या दोन रॅम काढून नेल्या होत्या. तीही डीडीआर४, हीही डीडीआर४. स्लॉटमध्ये अगदी बरोबर बसल्या, खाच जुळली, क्लिप टक करून लागली. बटण दाबलं, फॅन फिरला, स्क्रीनवर काही नाही. बोर्डावरचा रॅमचा लाल दिवा लागलेलाच. पुन्हा काढल्या, पुसल्या, बसवल्या. तेच. मग दुकानातल्या त्या मुलाने रॅमवरचं लेबल वाचलं. पीसी४-२४००टी, आणि त्याच्यापुढे आर. "ताई, ही रजिस्टर्ड आहे, सर्व्हरची. साध्या बोर्डाला चालत नाही." बोटाने त्याने रॅमच्या मधोमध असलेली जास्तीची चिप दाखवली. साध्या रॅमला तिथे काही नसतं. लेबलावर आर असेल तर सर्व्हरची, यू असेल तर आपली. जुनी रॅम स्वस्तात मिळते म्हणून उचलणाऱ्यांनी हे एक अक्षर आधी वाचावं.

घरी येऊन तेच हाउसिंग उघडलं. २.५ चे २.२ केले. एंटर. ५८ सेकंद.

कुणाला वाटेल, बावन्न सेकंदांत काय एवढं. मी एक दिवस वहीत खुणा केल्या. त्या दिवशी पूर्ण ट्री चालवणारे मोठे रिबिल्ड १९ झाले. झिऑनवर त्यांना ३५ मिनिटं लागली असती, इथे १८ लागली. सतरा मिनिटं वाचली. पण मला वेळेपेक्षा दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. जाडी बदलली की एखादा फिलेट लाल होतो, तो दुरुस्त केला की पुढचा. हे करताना डोक्यात पार्टची भूमिती धरून ठेवावी लागते: हा रिब इथून निघतो, त्याच्या मागे स्लाइडर येतो, ड्राफ्ट तिकडे अर्धा अंश कमी आहे. दोन मिनिटं चक्राकडे बघत बसलं की हात आपोआप मोबाइलकडे जातो, आणि परत आल्यावर कुठे होतो हे शोधावं लागतं. मिनिटाच्या आत उत्तर आलं तर धागा तुटत नाही. आय५ आल्यापासून मी संध्याकाळी कमी थकलेली असते, आणि चुकाही कमी होतात. एका मोल्डची चूक स्टीलमध्ये उतरली तर वेल्डिंग करून परत मशीनिंग, हे माझ्या वाचकांना सांगायला नको.

आय५ कुठे कमी पडतो? रेंडरचं वर आलंच. फ्लो ॲनालिसिस, म्हणजे प्लास्टिक साच्यात कसं भरतं त्याचं गणित, त्याला लांब वेळ लागतो. ते मी रात्री जेवणानंतर लावते. रॅम १२८ जीबीपर्यंतच, दोनच चॅनेलनी, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या दोनच वाटांनी. झिऑनला ४ चॅनेल आहेत आणि तो दीड टीबी रॅम पेलतो. मला ३२ पुरते. ईसीसी माझ्या या मशीनमध्ये नाही, म्हणून रोजचा बॅकअप वेगळ्या डिस्कवर घेते.

शेठांनी शेवटी विचारलं, "मग मॅडम, जुना नको, एकदम नवा भारी सर्व्हर प्रोसेसर घेतला तर?" त्यांना मी एपिक ९६५४ चं उदाहरण दिलं. एएमडीने नोव्हेंबर २०२२ मध्ये आणलेला, ९६ कोर, १९२ थ्रेड, ३८४ एमबी कॅश, ३६० वॉट, रॅमची १२ चॅनेल. तेव्हाची जाहीर किंमत ११,८०५ डॉलर, नुसत्या प्रोसेसरची. आणि त्याचा सगळ्यात वेगवान कोर जातो ३.७ गिगाहर्ट्झपर्यंत. ९६ कोर एकाच प्रोसेसरमध्ये कोंबल्यावर प्रत्येकाला वीज आणि थंडावा वाटून द्यावा लागतो, म्हणून एकेकाला आवर घातलेला असतो. हजारो लोक एकाच वेळी तिकीट काढतायत, पैसे पाठवतायत, प्रत्येकाचं काम छोटं आणि एकमेकांशी संबंध नसलेलं, तिथे या प्रोसेसरवर एकेक काम एकेका कोरला वाटून देता येतं. ती गर्दी त्याला पाहिजे. शेठांच्या डिझाइन ऑफिसात तीन माणसं आहेत, आणि प्रत्येकाचा एकेक जॉब. त्यांना ९६ हात नकोत, तीन टेबलांवर तीन वेगवान हात हवेत.

त्यांच्या तीन मशीनचं मी असं सुचवलं. डिझाइनच्या दोघांना आय५-१२४०० किंवा दुकानात त्याच भावात जे नवीन मिळेल ते. व्हीएमसीच्या शेजारी जो कॉम्प्युटर नुसता प्रोग्राम पाठवतो आणि ड्रॉइंग उघडून दाखवतो, त्याला आय३-१२१००. तो ४ कोरचा, पण त्याचा एकेक कोर ४.३ पर्यंत पळतो, म्हणजे त्या बाबतीत तोही माझ्या जुन्या झिऑनच्या पुढे. तिथे खरा खर्च धुळीचा आणि कूलंटच्या वाफेचा आहे. कॅबिनेटला फिल्टर लावा, कूलंटच्या उडण्यापासून लांब ठेवा.

माझ्या शब्दावर मशीन घेऊ नका, हेही त्यांना सांगितलं. स्वतःची फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुकानात जा. ज्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअर आहे अशा कुणाच्याही ऑफिसात गेलात तरी चालेल. फाइल उघडा, कंट्रोल आणि क्यू दाबा, म्हणजे पूर्ण ट्री पहिल्यापासून चालेल. त्या वेळी टास्क मॅनेजरमध्ये सगळे चौकोन वेगवेगळे उघडून ठेवा. एकच चौकोन वरच्या कडेला टेकला आणि बाकीचे तळाला राहिले तर तुम्हाला वेगवान कोर हवा. सगळे भरले तर जास्त कोर घ्या, मग सर्व्हरचा प्रोसेसरही खुशाल घ्या. सॉलिडवर्क्सच्या इव्हॅल्युएट टॅबमध्ये परफॉर्मन्स इव्हॅल्युएशन आहे, त्यात कुठल्या फीचरला किती सेकंद लागतात तेही दिसतं. मी ते पाहिलं तेव्हा कळलं की माझ्या हाउसिंगमध्ये एका मोठ्या पॅटर्नवरच बावीस सेकंद जात होते. तो पॅटर्न वेगळ्या पद्धतीने काढला आणि ५८ चे ४१ झाले. हे फुकट झालं.

झिऑनचं मशीन मी विकलं. गंगापूर रोडला माझी एक मैत्रीण इंटिरिअरची कामं करते, फ्लॅटची थ्रीडी चित्रं काढायला तिला रात्र-रात्र रेंडर लावावं लागतं. तिला मी गरमी, वीज, विंडोज सगळं सांगून ३१,००० ला दिलं. तिने ते नेटपासून वेगळं ठेवलंय, फाइल डिस्कवरून नेते, रात्री लावते, सकाळी चित्रं तयार. ५६ च्या ५६ चौकोन पहाटेपर्यंत भरलेले असतात. मला मोठं रेंडर लागलं तर मी आता तिच्याकडेच पाठवते.

शेठ गुरुवारी पेनड्राइव्ह घेऊन माझ्याकडे येणार आहेत. त्यांना म्हटलंय, चार स्लाइडरवालं ते हाउसिंग आणा, ज्याला तुमचा मुलगा हात लावायला कंटाळतो.